फेटाळलेला दावा आणि बंद दाराची समजूत

तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात, टायपिस्टच्या टेबलापासून बार रूमच्या दारापर्यंत, एक मत इतक्या ठामपणे सांगितले जाते की त्याला कुणी आधार विचारत नाही. वकील न लावता स्वतः चालवलेला दावा कोर्टाने एकदा फेटाळला की विषय मिटला. पुन्हा दावा टाकाल तर ‘रेस ज्युडिकाटा’ लागेल, खर्च अंगावर पडेल, हाती काही लागणार नाही. हे सांगणारे अडाणी नसतात. वर्षानुवर्षे सनद असलेली मंडळी ते सांगतात, आणि बहुतेक वेळा पक्षकाराच्या कळकळीपोटीच सांगतात. म्हणूनच या मताचा समाचार नीट घ्यायला हवा. माझे म्हणणे असे की ते कायद्याच्या शब्दाला धरून नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांना धरून नाही, आणि ज्या जुन्या तत्त्वाची साक्ष त्यासाठी काढली जाते त्या तत्त्वालाही धरून नाही.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो.

त्याचा पहिला खांब अंतिमतेचा आहे. भांडणाला कुठेतरी शेवट हवा. एकाच कारणासाठी एका माणसाला दोनदा कोर्टाची पायरी चढायला लावणे हा अन्यायच. ‘रेस ज्युडिकाटा’चे हेच तत्त्व दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ११ सांगते, आणि ही कल्पना इंग्रजांनी आणलेली नाही. आपल्या व्यवहारशास्त्रात प्रतिवादीच्या उत्तराचे जे चार प्रकार मानले आहेत, त्यांतला एक ‘प्राङ्न्याय’ आहे. हा वाद पूर्वीच झाला आहे आणि त्यात तू हरला आहेस, असे ते उत्तर. दुसरा खांब मुदतीचा. पहिला दावा निकाली निघेपर्यंत वर्षे उलटतात, मुदत सरते, मग नवा दावा टाकून मिळवायचे काय? तिसरा खांब समतेचा. वकील न लावणे हा वादीचा स्वतःचा निर्णय होता. कायद्याचे अज्ञान ही सबब नाही. जो वकिलाची फी देऊन हरला त्याला दुसरी संधी नाही, मग जो फी वाचवून हरला त्याला ती का मिळावी?

युक्तिवाद वजनदार आहे. तिसऱ्या खांबाशी तर माझे फारसे भांडणही नाही, हे पुढे दिसेल. पण पहिल्या दोन खांबांखालची जमीन तपासू.

प्राङ्न्यायापासूनच सुरुवात करतो, कारण पूर्वपक्षाला त्याचा अभिमान आहे. प्राङ्न्यायाचे उत्तर देणाऱ्या प्रतिवादीवर शास्त्रकारांनी काय ओझे टाकले होते? आधी वाद झाला होता एवढे सांगून भागत नसे. त्या वादात निर्णय झाला आणि वादी पराभूत ठरला, हे त्याला सिद्ध करावे लागे, आणि त्यासाठी जयपत्र दाखवावे लागे किंवा पूर्वीचे सभ्य (न्यायसभेतले सदस्य), साक्षीदार उभे करावे लागत. वादी तारखेला आला नाही किंवा त्याची मांडणी चुकली, एवढ्यावर प्राङ्न्याय उभा राहत नाही. नारदाने तर याहून स्पष्ट सांगितले आहे, आणि मिताक्षरेने ते आधारासाठी घेतले आहे: जमीन, ऋण, पशू अशा अर्थाच्या वादांत बोलण्यातल्या चुकीमुळे वादी दंडाला पात्र होईल, पण मूळ अर्थाला मुकणार नाही. प्रक्रियेतल्या चुकीची शिक्षा वेगळी आणि हक्काचा निवाडा वेगळा. बाराव्या शतकात कल्याणीला बसून मिताक्षराकार विज्ञानेश्वराला जो भेद दिसत होता, तो आजच्या बार रूमला दिसू नये?

आता कलम ११ चेच शब्द पाहा. पूर्वीच्या दाव्यातला मुद्दा न्यायालयाने ऐकून अंतिमतः ठरवलेला असला पाहिजे, असे ते कलम म्हणते. ऐकून, आणि अंतिमतः. या दोन अटींचा अर्थ काय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली शिवदान सिंग विरुद्ध दर्याव कुंवर या खटल्यात उलगडून सांगितले. कोणकोणत्या कारणांनी दावा फेटाळला गेला तर मुद्दा ‘अंतिमतः ठरला’ असे म्हणता येणार नाही, याची जंत्रीच तिथे आहे. न्यायालयाला अधिकारक्षेत्र नव्हते. वादी हजर राहिला नाही. आवश्यक पक्षकार जोडला नव्हता, किंवा भलताच जोडला होता. दाव्याची मांडणी सदोष होती. तांत्रिक चूक होती. वारसा प्रमाणपत्र किंवा प्रोबेट लागत असून हजर केले नव्हते. खर्चाचे तारण दिले नाही. मूल्यांकन चुकले, कमी पडलेली कोर्ट फी भरली नाही. दाव्याला कारण घडले नव्हते, किंवा दावा वेळेआधी आणला होता.

ही जंत्री पुन्हा एकदा वाचा आणि स्वतः दावा चालवणारा माणूस कुठे अडखळतो ते आठवा. जवळजवळ प्रत्येक ठेच या यादीत आहे. कोर्ट फी कमी भरणे, भावाला पक्षकार न करणे, चुकीच्या कोर्टात जाणे, नोटिशीची मुदत संपण्याआधीच धावणे. म्हणजे ज्या चुकांमुळे वकिलाशिवायचे दावे सहसा पडतात, त्या चुकांना सर्वोच्च न्यायालयाने प्राङ्न्यायाच्या बाहेर ठेवले आहे.

कुणी चतुर प्रतिपक्षी म्हणेल की त्याच खटल्यात शेवटी प्राङ्न्याय लागूच झाला होता. खरे आहे. ती गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. तिथे अपिले मुदतीबाहेरची म्हणून आणि कागद छापून न घेतल्यामुळे फेटाळली गेली होती, आणि तरीही न्यायालयाने वाद मिटला असे धरले. पण का? कारण खालच्या न्यायालयाने आधीच गुणदोषांवर निर्णय दिला होता, आणि अपिल फेटाळल्याने तो निर्णय कायम झाला. गुणदोषांवरचा निवाडा कुठेतरी असावाच लागतो. तो खालीही नाही आणि वरही नाही, अशा ठिकाणी काय? तिथे प्राङ्न्याय कशावर उभा करणार?

अंतिमतेचा सर्वांत कडवा पुरस्कर्ता शोधायचा तर साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांकडे जावे. १९६१ च्या, वरच्याहून वेगळ्या, दर्याव खटल्यात त्यांनी हे तत्त्व मूलभूत हक्कांच्या याचिकांनाही लावले. उच्च न्यायालयात गुणदोषांवर हरलात तर त्याच मुद्द्यावर थेट सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद ३२ खाली येता येणार नाही, असे सांगताना ते डगमगले नाहीत. पण त्याच निकालपत्रात त्यांनी हेही लिहिले की याचिका प्राथमिक टप्प्यावरच, कारणे न देता फेटाळली असेल, तर तो आदेश आड येत नाही. पर्यायी उपाय उपलब्ध आहे म्हणून फेटाळली असेल, तरी नाही. दार लावण्यासाठी गजेंद्रगडकरांनाही सकारण निर्णय लागत होता. आपल्याकडे मात्र नुसता शिक्का पुरतो.

संहितेच्या रचनेतूनच निघणारा एक सरळ तर्क आहे. फेटाळणे म्हणजेच संपणे असते, तर संहितेच्या आदेश ७ मध्ये नियम १३ कशाला आला? वादपत्र नामंजूर झाले तरी त्याच कारणावर नवे वादपत्र दाखल करायला केवळ तेवढ्याने आडकाठी नाही, असे तो नियम म्हणतो. आदेश ९ चा नियम ४ कशाला? काही प्रकारे फेटाळलेल्या दाव्यात वादी नवा दावा आणू शकतो, असे तोही म्हणतो. आणि कलम १२ तर वादी नियमांमुळे नवा दावा आणण्यापासून जिथे वर्जित झाला असेल तिथे तो आणता येणार नाही, असे सांगते. जिथे वर्जित झाला असेल तिथे! म्हणजे आडकाठी हा अपवाद आहे. ती आहे असे म्हणणाऱ्याने नियम दाखवायचा. ‘फेटाळला ना, मग झाले’ हे उत्तर कलम १२ ला पुरत नाही.

आदेश ७ बद्दल मात्र एक सावधगिरी. वादपत्र नामंजूर करण्याची कारणे एका जातीची नाहीत. मूल्यांकन किंवा स्टॅम्प कमी, ही दुरुस्त होणारी कारणे. पण वादपत्रावरूनच दावा कायद्याने वर्जित दिसतो म्हणून ते नामंजूर झाले असेल, तर तेच वादपत्र पुन्हा नेऊन काय होणार? वर्जित करणारी गोष्ट मुदत असेल तर ती दुसऱ्यांदा अधिकच सरलेली असणार. तिथे अपील करायचे. नामंजुरीच्या आदेशाला हुकूमनाम्याचे स्वरूप कलम २ नेच दिले आहे, तेव्हा अपिलाचा हक्क आहे.

आता ज्या ठिकाणी सर्वांत जास्त दावे पडतात तिथे येऊ. गैरहजेरी. रोजनाम्यातल्या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहा. पहिली: ‘पुकारा केला. वादी गैरहजर. प्रतिवादी गैरहजर. दावा काढून टाकण्यात येत आहे.’ दुसरी: ‘पुकारा केला. वादी गैरहजर. प्रतिवादीतर्फे वकील हजर. दावा काढून टाकण्यात येत आहे.’ शेवटचे वाक्य दोन्हीकडे अक्षर न अक्षर सारखे आहे. वादी दोन्हीकडे घरी बसला आहे, किंवा एस.टी. चुकल्यामुळे अर्ध्या तासाने पोहोचला आहे. पण पहिला आदेश संहितेच्या आदेश ९ मधल्या नियम ३ चा आहे. त्यानंतर नियम ४ प्रमाणे नवा दावा टाकता येतो, किंवा जुनाच पुन्हा फायलीवर घ्यावा असा अर्ज करता येतो. दुसरा आदेश नियम ८ चा आहे, आणि नियम ९ प्रमाणे त्याच कारणावर नवा दावा वर्जित आहे. प्रतिवादीचा वकील त्या सकाळी खुर्चीवर बसला होता की नाही, एवढ्यावर सारा फरक. आणि कितीतरी आदेशांवर नियमाचा क्रमांक नसतोच. नुसते ‘डिफॉल्टमध्ये डिसमिस’. म्हणून रोजनाम्याची नक्कल काढून हजेरीची नोंद वाचल्याशिवाय जो ‘आता काही होणार नाही’ असे सांगतो, तो कायदा सांगत नसतो. अंदाज सांगत असतो.

पूर्वपक्ष म्हणेल, निदान नियम ८ पुरते तरी आमचे मत खरे ठरले. अर्धेच ठरले. नियम ९ नवा दावा अडवतो, पण लगेच पुढच्याच वाक्यात फेटाळणीचा आदेश रद्द करून घेण्याचा मार्गही देतो. गैरहजेरीला पुरेसे कारण होते एवढे दाखवायचे. अर्ज नामंजूर झाला तर त्या आदेशावर अपील आहे. शिवाय नियम ९ ची बंदी फक्त दाव्यावर आहे. हक्क मरत नाही. उद्या प्रतिवादीनेच त्याच जमिनीबद्दल दावा आणला, तर आपल्या हक्काचा बचाव घेण्यापासून या वादीला हा नियम थांबवत नाही. आणि बंदी ‘त्याच’ दाव्याच्या कारणापुरती आहे. आपल्याकडे बहिणींचे, पुतण्यांचे जे वाटपाचे दावे पडतात, त्यांत हे फार मोलाचे आहे. मिळकत सामाईक आहे तोवर वाटप मागण्याचे कारण चालूच राहते, असे न्यायालये सातत्याने मानत आली आहेत. गैरहजेरीत पडलेला वाटपाचा दावा म्हणजे बहिणीचा हिस्सा भावाच्या नावावर झाला, असे गावात जे समजले जाते ते साफ खोटे आहे. किती बहिणी या समजुतीपायी हक्कसोड पत्रावर सही करून मोकळ्या झाल्या असतील!

ग्राहक आयोगातली स्थिती तर नेमकी उलटी आहे, आणि तिथेच वकिलाशिवाय जाणाऱ्यांची गर्दी जास्त. जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या मंचांना स्वतःचा असा आदेश मागे घेण्याचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ठरवले. म्हणजे ‘रिस्टोर करून द्या’ असा अर्ज तिथे चालत नाही. पण गैरहजेरीत काढून टाकलेल्या तक्रारीनंतर त्याच कारणावर दुसरी तक्रार चालते, कारण पहिलीचा गुणदोषांवर निर्णय झालेलाच नसतो. हे २००० साली ठरले आणि २०१६ साली पुन्हा सांगितले गेले. दिवाणी न्यायालयात नियम ८ खाली नवा दावा नाही पण पुनःस्थापना आहे. ग्राहक आयोगात पुनःस्थापना नाही पण नवी तक्रार आहे. दोन्हीकडे उपाय आहे, फक्त वेगवेगळा. ‘डिसमिस म्हणजे संपले’ या एका वाक्यात या दोन्हींपैकी काय बसते?

मुदतीचा खांब अधिक मजबूत आहे, हे मान्य. १९६३ च्या मुदत कायद्याचे कलम ५ अपिलांना आणि अर्जांना लागू होते. दाव्यांना नाही. नवा दावा एक दिवस जरी उशिरा आला तरी आजारपणाचे प्रमाणपत्र उपयोगी पडत नाही. पण यातून निघतो तो निष्कर्ष पूर्वपक्षाच्या नेमका विरुद्ध आहे, आणि तो उदाहरणावरून पाहू. समजा एका बाईंनी दिराला १० जून २०२२ रोजी तीन लाख रुपये हातउसने दिले. परतफेडीची तारीख ठरली नव्हती, लेखी कबुली नाही. अशा रकमेच्या वसुलीची मुदत रक्कम दिल्यापासून तीन वर्षे, म्हणजे १० जून २०२५ पर्यंत. बाईंनी जानेवारी २०२४ मध्ये स्वतःच दावा टाकला. नोव्हेंबर २०२४ च्या तारखेला दोन्ही बाजू गैरहजर, दावा काढून टाकला. बाईंसमोर अजून सात महिने आहेत. नव्याने कोर्ट फी भरून नवा दावा टाकता येतो. आता तीच फेटाळणी सप्टेंबर २०२५ मध्ये झाली असे धरा. नियम ४ नवा दावा आणू देतो, पण मुदतीच्या अधीन राहून, आणि मुदत गेलेली आहे. मग बाई बुडाल्या का? नाही. नियम ४ चाच दुसरा मार्ग आहे. आदेश रद्द करण्याचा अर्ज. त्याला फेटाळणीपासून तीस दिवसांची मुदत आहे, आणि तो अर्ज असल्यामुळे कलम ५ खाली उशीरही माफ होऊ शकतो. अर्ज मंजूर झाला की जुना दावा जुन्या तारखेनिशी उभा राहतो. जानेवारी २०२४ चा दावा जानेवारी २०२४ चाच राहतो.

या बाईंचे खरे नुकसान कायदा करत नाही. दावा पडल्यानंतरच्या तीस दिवसांत त्यांना आवारात भेटणारा आणि ‘आता काही होत नाही’ असे सांगणारा करतो. त्याच्या शब्दावर त्या घरी जातात, तीस दिवस जातात, वर्ष जाते, आणि मग त्याचे म्हणणे आपोआप खरे ठरते. मुदतीचा युक्तिवाद हा पूर्वपक्षाचा पुरावा नाही. तो पूर्वपक्षाचा परिणाम आहे.

चुकीच्या कोर्टात गेलेल्यांसाठी तर मुदत कायद्याचे कलम १४ आहे. गृहनिर्माण संस्थेशी भांडण झालेला सभासद दिवाणी न्यायालयात दावा टाकतो, हे नेहमीचे. संस्था आणि सभासद यांच्यातला संस्थेच्या कारभाराविषयीचा वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ प्रमाणे सहकार न्यायालयात जायला हवा, हे त्याला प्रतिवादीच्या कैफियतीतून कळते. दोन वर्षे गेलेली असतात. ती दोन वर्षे, दावा सद्भावनेने आणि योग्य तत्परतेने चालवला असेल तर, मुदतीतून वगळली जातात. सरकारविरुद्धच्या दाव्याचेही असेच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस संपण्याआधी दावा टाकला तर तो नामंजूर होतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली अशा वादीला नोटिशीची मुदत पुरी झाल्यावर नव्याने येण्याचा मार्ग मोकळा असल्याचे सांगितले आहे. नोटिशीचा काळही मुदत मोजताना सोडून दिला जातो.

आता तिसरा खांब. इथे पूर्वपक्षापेक्षा मला त्याच्या जुळ्या भावाशी अधिक भांडायचे आहे. स्वतः दावा चालवणाऱ्यांमध्ये एक उलटी समजूत फिरते: माझ्याकडे वकील नव्हता, म्हणून कोर्ट मला पुन्हा संधी देईल. हीसुद्धा तितकीच निराधार. आदेश ३ चा नियम १ पक्षकाराला स्वतः, मुखत्यारामार्फत किंवा वकिलामार्फत हजर राहू देतो, आणि तिघांना एकाच मापाने मोजतो. उच्च न्यायालयात स्वतः बाजू मांडायची असेल तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली नियम केले आहेत, आधी निबंधक कार्यालयातल्या अधिकाऱ्यांच्या समितीसमोर जावे लागते. पण एकदा उभे राहिलात की कलम ११ तुम्हालाही तेवढेच लागू.

किंबहुना एका बाबतीत वकील नसलेला वादी अधिक उघडा पडतो. १९८१ साली रफिक खटल्यात न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा निरपराध पक्षकाराला देऊ नये असे म्हटले, आणि फेटाळलेले अपील पुन्हा उभे केले. पुढच्या काळात न्यायालयांनी या सवलतीला मर्यादा घातल्या, पण ती आहे. ज्याला वकीलच नव्हता तो ही सवलत कुणाच्या नावावर मागणार? गैरहजर तोच होता. कलम १४ मधली ‘सद्भावना’ही नुसत्या भोळेपणाने सिद्ध होत नाही. योग्य काळजी घेऊन न केलेली गोष्ट सद्भावनेने केली असे मुदत कायदा मानत नाही. पहिल्याच तारखेला शिरस्तेदाराने किंवा न्यायाधीशांनी कोर्ट चुकल्याचे सांगितले असताना वादी हट्टाने तिथेच दोन वर्षे बसला असेल, तर ती वर्षे त्याला परत मिळायची नाहीत.

आणि गुणदोषांवर निकाल झाला असेल तर खरोखरच संपले. तिथे मी पूर्वपक्षाच्या बाजूने उभा राहतो. दिराला पैसे दिल्याचा पुरावा पटला नाही म्हणून दावा फेटाळला असेल, तर बँकेचे पासबुक कपाटात राहून गेले होते हे सांगून दुसरा दावा येत नाही. जो मुद्दा पहिल्या दाव्यात घेता आला असता आणि घ्यायला हवा होता, तो घेतलाच होता असे कलम ११ चे चौथे स्पष्टीकरण मानते. एकाच कारणातून निघणाऱ्या मागण्यांपैकी एखादी सोडून दिली, तर आदेश २ चा नियम २ ती मागू देत नाही. या वादीला उपाय अपिलाचा. जिल्हा न्यायालयात तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद. जादा पुराव्याची तरतूद अपिलात आहे, पण तिचे दार अरुंद आहे. इथे ‘नवा दावा टाकू’ असे सांगणारा सल्लागार वादीचे अपिलाचे दिवस खातो. वादी महिला, अनुसूचित जाती-जमातीचा, अपंग किंवा औद्योगिक कामगार असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली त्याला मोफत वकील मिळतो. आधी तालुका विधी सेवा समितीत जावे. हे पहिल्या दाव्याच्या आधी सांगायला हवे होते, पण सांगतो कोण?

एका कागदाविषयी लिहिल्याशिवाय हा विषय सोडवत नाही, कारण स्वतः चालवणाऱ्याचा घात बहुतेकदा तिथे होतो. पुरसीस, म्हणजे पक्षकाराने कोर्टाला दिलेले लेखी निवेदन. दाव्यात दोष आहे हे न्यायाधीशांच्या लक्षात येते. ते चांगुलपणाने म्हणतात, असा दावा टिकायचा नाही, मागे घ्या आणि नीट करून आणा. वादी बाहेर येतो, कोऱ्या कागदावर लिहितो: ‘मी वादी सदर दावा काढून घेत आहे. तरी विनंती की दावा निकाली काढावा.’ सही, तारीख. आणि तिथल्या तिथे त्याचा नव्या दाव्याचा हक्क संपतो. आदेश २३ चा नियम १ सांगतो की नवा दावा आणण्याची मुभा न्यायालयाकडून घेऊन दावा मागे घेतला तरच तो पुन्हा आणता येतो. मुभेशिवाय मागे घेतलेला दावा त्याच विषयावर पुन्हा आणता येत नाही, खर्चही लागतो. रिट याचिकांनाही हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली लावले. मुभा मागायची ती दाव्यात कोणता औपचारिक दोष आहे किंवा दुसरे कोणते पुरेसे कारण आहे हे अर्जात लिहून मागायची, आणि ती मिळाल्याचे शब्द न्यायाधीशांच्या आदेशात आहेत का ते वाचायचे. तोंडी ‘हो, हो, आणा नंतर’ याला किंमत नाही. मुभा मिळाली तरी मुदत पहिला दावा झालाच नाही अशा रीतीने मोजली जाते. अपवाद एकच, दोष अधिकारक्षेत्राचा किंवा तशाच स्वरूपाचा असला तर. म्हणजे न्यायालयाने फेटाळलेला दावा अनेकदा परत येऊ शकतो, आणि वादीने मुभेशिवाय स्वतःच्या हाताने मागे घेतलेला दावा परत येत नाही. प्रचलित मताला हे नेमके उलटे वाटते.

शेवटचा आक्षेप राहिला. असे दरवाजे उघडे ठेवले तर खोडसाळ माणूस दावे टाकतच राहील, आणि समोरचा आयुष्यभर तारखा भरत राहील. भीती खोटी नाही. एकाच भिंतीवरून शेजाऱ्यावर अर्जांमागून अर्ज करणारी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. पण या रोगावर औषध म्हणून सगळ्याच वादींना वर्जित करायचे का? न्यायाने हरूनही आपण हरलो नाही असे मानून जो परत येतो, त्याला पुन्हा ऐका, आणि पुन्हा हरला तर दुप्पट दंड करा, ही याज्ञवल्क्याची व्यवस्था आहे. धोका पत्करण्याची तयारी असेल त्यानेच यावे. आपल्या संहितेतही खोट्या, त्रासदायक दाव्याबद्दल भरपाईचा खर्च लावण्याचे कलम ३५-अ आहे. त्याची कमाल मर्यादा तीन हजार रुपये आहे, आणि आजच्या काळात ती थट्टा आहे. पूर्वपक्षाने आपली ताकद ती मर्यादा वाढवून घेण्यात लावली, तर मी त्यांच्या मागे सही करीन.

आणि खऱ्या खोडसाळांसाठी महाराष्ट्राने १९७१ सालीच त्रासदायक दावेबाजीला आळा घालणारा स्वतंत्र कायदा केला आहे. महाधिवक्त्यांनी उच्च न्यायालयाकडे अर्ज करायचा, हा माणूस सवयीने आणि कारणाशिवाय दावे टाकतो हे दाखवायचे, त्या माणसाला ऐकून घ्यायचे, आणि मग परवानगीशिवाय त्याला कोणताही दावा टाकता येणार नाही असा आदेश घ्यायचा. राज्याच्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्याने हालचाल करावी, उच्च न्यायालयाने सुनावणी घ्यावी, तेव्हा कुठे एका माणसाची वाट अडते. तीही पूर्ण नाही, परवानगीपुरती. न्यायाधीश महाराज, म्हणजे वाचकहो, फेटाळणीचा एक शिक्का हे सगळे काम आपोआप करत असता, तर विधिमंडळाने हा कायदा कोणासाठी केला, याचे उत्तर पूर्वपक्षाकडून मागून घ्या.